ट्रम्पेटचं दुसरं बटण

समजा, तुमच्या मुलीला शाळेच्या बँडमध्ये घेतलंय आणि तुम्हाला तिच्यासाठी ट्रम्पेट भाड्यानं आणायचंय. विकत घेण्याचा प्रश्न नाही, कारण दोन वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेल्या कीबोर्डवर सध्या इस्त्रीचे कपडे ठेवले जातात. शाळेच्या ग्रुपवर शुक्रवारी संध्याकाळी मेसेज येतो की सोमवारी मुलाच्या हातात वाद्य हवं. खाली दुकानाचा पत्ता असतो. तुम्ही मुलुंड पूर्वेला नवघर रोडवरून एका गल्लीत वळता. झेरॉक्सवाला आणि वडेवाला यांच्या मधोमध 'घाडी म्युझिकल्स' अशी पाटी दिसते. आत काउंटरमागे पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई बसलेल्या असतात. तुम्ही म्हणता, "ट्रम्पेट हवंय." बाई तुमच्याकडे बघतात. मुलीकडे त्यांचं लक्षही नसतं. तुमच्या बुटांपासून चष्म्यापर्यंत त्या तुम्हाला नीट बघून घेतात, मग उठून एका कपाटातून चकचकीत ट्रम्पेट काढून देतात.

तुम्हाला वाटतं, बाईंनी पारख करून चांगलं वाद्य दिलं. बाईंनी पारख केली हे खरं आहे, पण तुमची. तुमच्या घरी हे वाद्य वाजणार की शोकेसमध्ये बसणार, एवढंच त्यांनी ठरवलं. वाजणार नाही असं त्यांना वाटलं, तर त्यासाठी त्यांच्याकडे डावीकडचं कपाट आहे.

या बाईंचं नाव वनमाला घाडी.

डावीकडच्या कपाटात सगळं सोन्यासारखं चमकतं आणि त्यातलं एकही धड वाजत नाही. एका क्लॅरिनेटमधून हवा गळते. एका सॅक्सोफोनची खालची कळ वाकलेली आहे. एका ट्रम्पेटचं मधलं, म्हणजे दुसरं बटण दाबलं की खालीच अडकून बसतं. ट्रम्पेटला तीनच बटणं असतात आणि सगळे सूर त्या तिघांवर काढायचे असतात, त्यामुळे एक अडकलं की निम्मी धून बाद. "शोभेला न्यायचंय ना? मग शोभेचंच न्या," असं वनमालाबाईंचं धोरण. चांगली वाद्यं उजवीकडच्या कपाटात, आणि ती क्वचितच बाहेर निघतात.

या धोरणाबद्दल आजवर कुणी तक्रार केली का, असं विचारलं तर बाई हसतात. "तक्रार करायला आधी वाजवायला लागतं ना रे!"

त्यांच्या या तुसडेपणाला कारण आहे. वडील धोंडू घाडी लालबागच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते घाटकोपरच्या एका लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवू लागले. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचं आखूड, बुटकं भावंड. लाल कोट, सोनेरी झालर, पायात फाटके बूट. वरातीत नाचणारे लोक बँडवाल्यांना जेवायला मांडवाच्या मागे बसवायचे. घरी ते कॉर्नेट पुसायचं आणि घासायचं काम वनमालेचं. वाजवायचं नाही. "चेडवांनी फुकूचा नसता," असं धोंडू म्हणायचे, म्हणजे पोरींनी फुंकायचं नसतं. एकदा ते बाहेर गेले असताना तिनं फुंकून पाहिलं. आवाज आलाच नाही, फक्त गाल दुखले. तेवढ्यात आई आली आणि विषय संपला.

पुढे वरातीत डीजे आले. बँड बुडाला, मालकानं वाद्यं वाटून टाकली, ती घेऊन धोंडूंनी हे दुकान काढलं. ते गेल्यावर दुकान वनमालाबाईंकडे आलं. गिऱ्हाईक नव्हतंच. मग एके वर्षी मोठमोठ्या शाळांना बँडचं वेड लागलं, आणि ज्या लोकांनी धोंडूंना मांडवाच्या मागे बसवलं होतं त्यांची नातवंडं दुकानात आली. बाईंना वाटलं, आता तरी आपल्या दुकानातलं वाद्य कुठल्यातरी स्टेजवर, समोर बसलेल्या लोकांपुढे वाजेल. तेवढं एकदा ऐकायचं, एवढीच त्यांची इच्छा. पण दर मार्चला वाद्यं परत यायची ती जशी गेली तशी. बाई खोका उघडून हुंगायच्या आणि सांगायच्या, "कोरं. तोंडसुद्धा लावलेलं नाही मेल्यानं." धोंडूंचं कॉर्नेट मात्र त्यांनी कधी भाड्यानं दिलं नाही. ते दुकानातल्या देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर असायचं.

गेल्या जुलैत नंदकुमार आगाशे त्यांच्या मुलीला, गार्गीला घेऊन आले. नंदकुमार एका विमा कंपनीत अधिकारी. कपाळावर आठी, खिशात सॅनिटायझरची बाटली. गार्गी सातवीत.

"हे सॅनिटाइझ केलंय का?" त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"साहेब, तोंड लावायचंय त्याला. ऑपरेशन नाही करायचं."

"तसं नाही हो, आधी कुणीतरी वाजवलं असेल..."

"त्याची काळजी सोडा. आमच्याकडचं कुणी वाजवत नाही."

नंदकुमारांना टोमणा कळला नाही. ते म्हणाले, "आवाज किती होतो? आमच्या सोसायटीत सीनियर सिटिझन जास्त आहेत."

"वाजवलं तर होतो."

"आणि फोटोत असंच गोल्डन दिसेल ना? बाकीच्या मुलांचं गोल्डन आहे म्हणे."

झालं. बाई उठल्या आणि डावीकडच्या कपाटाकडे गेल्या. अडकणाऱ्या बटणाचं ट्रम्पेट त्यांनी काउंटरवर ठेवलं. नंदकुमार त्यावर सॅनिटायझर फवारत होते तेव्हा गार्गीनं तिन्ही बटणं एकेक करून दाबून पाहिली.

"काकू, मधलं बटण वर येत नाहीये."

"नवीन आहे गं. वापरून वापरून मोकळं होईल," बाई म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

ते ट्रम्पेट नवीन नव्हतं. वापरून मोकळं होणारंही नव्हतं. आतली स्प्रिंग दमली होती आणि नळीत जुनं तेल चिकटून बसलं होतं. नवी स्प्रिंग गल्ल्याखालच्या डबीत पडलेली होती. पण शोकेसमध्ये बसणाऱ्या वाद्याला स्प्रिंग कशाला घाला?

खंडेनवमी झाली, दसरा झाला, आणि नंतरच्या शनिवारी नंदकुमार पुन्हा दुकानात आले. हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. चेहरा असा, की टॉवेलात मेलेलं मांजर असावं.

"एक छोटासा प्रॉब्लेम झालाय," ते म्हणाले आणि त्यांनी टॉवेल उघडला.

ट्रम्पेटची पार रया गेली होती. निम्मं सोनेरी, निम्मं तपकिरी, भिंतीचे पोपडे निघावेत तसं. घंटेसारख्या तोंडावर कुंकवाचं बोट, बटणांच्या फटीत हळद, आणि नळीच्या वळणात झेंडूची एक पाकळी.

"खंडेनवमीला पूजेत ठेवलं होतं," नंदकुमार म्हणाले. "आमच्याकडे सगळं ठेवतात. पुस्तकं, शिवणाचं मशीन, माझा लॅपटॉप. आईनं म्हटलं, पितळ आहे, पूजेला मळकं कसं ठेवायचं? तिनं चिंच लावून घासलं."

"चिंच!" बाई ओरडल्या. "थोडा गूळ पण घालायचा ना, आमटी झाली असती! अहो, पातेलं आहे का हे? वर पारदर्शक वार्निश असतं त्याला. चिंचेनं ते उकललं. लॅपटॉपला पण लावलीत का चिंच?"

"पण पितळ चिंचेनंच घासतात," नंदकुमार चिडून म्हणाले. "तुम्हीही घासत असाल."

बाईंनी टॉवेल बाजूला सारला. दर खंडेनवमीला धोंडूंचं कॉर्नेट चिंचेनंच घासलं जायचं, आणि ते घासणारी पोर कोण होती हे त्यांना चांगलं आठवत होतं. फरक एवढाच की जुन्या कॉर्नेटवर वार्निश नव्हतं, उघडं पितळ होतं. आगाशांच्या आजींना ते कुठून कळणार? पण एवढं मान्य करायला वनमालाबाई जन्मलेल्या नव्हत्या. नुकसान किती, हे बघायला त्यांनी ट्रम्पेट उचललं आणि सवयीनं नळीखालची पाणी काढायची कळ दाबली.

काउंटरच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला. मग दुसरा.

बाई त्या थेंबांकडे बघत राहिल्या. ट्रम्पेटमध्ये पाणी ओतत नाहीत. फुंकणाऱ्याच्या श्वासातली वाफ आत गार होऊन साचते, म्हणून ती कळ असते. दुकानात परत आलेल्या वाद्यातून असं पाणी पडलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"हे वाजवतं कोण?" त्यांनी विचारलं.

"गार्गीच. म्हणजे बाथरूममध्ये, दार लावून. सोसायटीला त्रास नको म्हणून."

"आहे कुठे ती?"

गार्गी बाहेर वडा खात उभी होती. बाईंनी तिला आत बोलावलं. "हात पूस आणि वाजव बघू."

"इथे?" नंदकुमार म्हणाले. "शेजारचे लोक..."

"तुम्ही गप बसा हो जरा. वाजव गं."

गार्गीनं कवायतीची एक साधी धून वाजवली. आवाज फाटका होता, दम मधेच संपत होता, दोन ठिकाणी ती चुकली आणि चुकीवरूनच पुढे गेली. पण धून सुरू झाली आणि संपली. झेरॉक्सवाला डोकावून गेला. बाईंचं लक्ष मात्र तिच्या हातांवर होतं. उजव्या हाताची बोटं बटणं दाबत होती. दुसरं बटण खाली गेलं, की ट्रम्पेट धरलेल्या डाव्या हाताचं एक बोट चटकन वर यायचं आणि अडकलेलं बटण खालून ढकलून सोडवायचं. दर वेळी. धुनीचा ताल त्यामुळे थोडा लंगडायचा, आणि पुन्हा सावरायचा.

"ते डावं बोट काय करतंय?" बाईंनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं.

"मधलं बटण वर येत नाही ना," गार्गी म्हणाली. "तुम्ही म्हणाला होतात, वापरून मोकळं होईल. अजून झालं नाहीये. माझी प्रॅक्टिस कमी पडत असेल."

बाईंनी ट्रम्पेट तिच्या हातातून घेऊन बाजूला ठेवलं. त्या स्टुलावर चढल्या आणि देव्हाऱ्यावरच्या फळीवरून धोंडूंचं कॉर्नेट त्यांनी खाली काढलं.

"हे ने. बटणं तशीच आहेत, तीन. शाळेच्या स्नेहसंमेलनाला हेच वाजव."

"ह्याचं भाडं?" नंदकुमारांनी विचारलं.

"तुम्हाला दिलंय का ते? तिला दिलंय."

दोन दिवसांत शाळेतून फोन आला. बँडच्या कोऑर्डिनेटर सुलक्षणा मॅडम बोलत होत्या. या मॅडम स्वतः काही वाजवत नाहीत. त्या मुलांच्या रांगा उंचीप्रमाणे लावतात.

"मॅम, त्या गार्गीचं इन्स्ट्रुमेंट वेगळंच दिसतंय. छोटं आहे, डल आहे. आमची रो युनिफॉर्म हवी असते."

"वेगळं वाजतंही ते."

"वाजण्याचं आम्ही बघतो हो. दिसण्याचं काय?"

'वाजण्याचं आम्ही बघतो' यावरच बाईंना शंका यायला हवी होती. पण त्या भांडायच्या तयारीत होत्या, त्यामुळे शब्दांकडे लक्ष गेलं नाही. "त्या पोरीच्या हातात ते कॉर्नेट नसेल ना, तर बाकीची सगळी वाद्यं मी आदल्या दिवशी टेम्पोत घालून परत आणीन. मग उभी करा तुमची रो, रिकाम्या हातांनी."

मॅडम नमल्या, एका अटीवर: निदान ते चमकलं पाहिजे. म्हणून संमेलनाच्या आठवड्यात गार्गी कॉर्नेट घेऊन दुकानात आली आणि वनमालाबाईंनी मोरीत बसून ते घासलं. चिंचेनं. गार्गी दारात उभी राहून बघत होती. "माझ्या आजीला तुम्ही ओरडलात म्हणे," ती म्हणाली.

"ते वेगळं होतं," बाई म्हणाल्या. "जा, कोरडा कपडा आण."

डिसेंबरातल्या त्या संध्याकाळी वनमालाबाई ठेवणीतली साडी नेसून संमेलनाला गेल्या. शाळेच्या कार्यक्रमाला जायची त्यांची ही पहिलीच वेळ. मागच्या रांगेत खुर्ची मिळाली. पडदा वर गेला आणि त्यांना हसू आवरेना. सगळ्या मुलांच्या अंगात लाल कोट होते, खांद्यावर सोनेरी झालर. धोंडूंचा कोट, फक्त ड्रायक्लीन केलेला. ज्यांच्या आजोबांनी बँडवाल्याला पाण्याचा पेला दुरून दिला, ते आई-बाप आता त्याच कोटातल्या पोरांचे फोटो काढायला खुर्च्यांवर उभे होते.

मॅडमनी हात वर केला. मुलांनी वाद्यं तोंडाला लावली. आणि दोन्ही बाजूंच्या कपाटाएवढ्या स्पीकरमधून असा बँड सुरू झाला की छातीत धडधडायला लागलं.

आधी बाईंना अभिमान वाटला. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मग त्यांना पहिल्या रांगेतला मुलगा दिसला. त्याच्या हातात हवा गळणारं क्लॅरिनेट होतं, आणि त्याला रीड लावलेलीच नव्हती. रीड म्हणजे बोरूची पातळ पट्टी, तिच्याशिवाय क्लॅरिनेट म्हणजे नुसती नळी. तरी त्यातून कसे लखलखीत सूर निघत होते! शेजारी वाकलेल्या कळीचा सॅक्सोफोन होता, तोही बिनचूक वाजत होता. डावीकडच्या कपाटातली सगळी वाद्यं एका संध्याकाळी, कारागिराशिवाय, दुरुस्त झाली होती.

बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की पुढच्या रांगेतल्या एका आईनं वळून "श्श" केलं. रेकॉर्डिंग लावून पोरांना गाल फुगवायला उभं केलं होतं. आणि आई-बाप ते रेकॉर्डिंग आपल्या फोनवर रेकॉर्ड करत होते.

मग त्यांना गार्गी दिसली. शेवटच्या रांगेत कडेला, चिंचेनं घासलेलं कॉर्नेट घेऊन. बाकीची मुलं बटणांवर बोटं कशीही नाचवत होती. गार्गीची बोटं नाचत नव्हती, चालत होती. धुनीत दुसरं बटण जिथे येतं तिथे तिचं डावं बोट चटकन वर येत होतं. कॉर्नेटचं बटण अडकत नव्हतं, तरी येत होतं. बाई उठल्या, खुर्च्यांच्या कडेनं पुढे सरकल्या, कान टवकारले. स्पीकरच्या त्या धबडग्यात तोफ उडाली असती तरी कळलं नसतं. पडदा पडला. टाळ्या.

बाहेर त्यांनी सुलक्षणा मॅडमना गाठलं. "पोरं वाजवतात कधी हो?"

"मॅम, लाइव्हमध्ये रिस्क असते," मॅडम समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "एखादं मूल चुकलं तर पेरेंट्सना आवडत नाही. आम्ही मुलांना क्लिअर सांगितलेलं असतं, फुंकायचं नाही, फक्त ॲक्शन करायची."

"आणि एखादीनं फुंकलंच तर?"

"कळणारच नाही. साउंड एवढा मोठा त्यासाठीच ठेवतो."

दुसऱ्या दिवशी बाईंनी गल्ल्याखालची डबी काढली आणि त्या पोपडे निघालेल्या ट्रम्पेटची स्प्रिंग बदलली, नळीतलं जुनं तेल पुसलं. चहा गार व्हायच्या आत काम झालं. जुलैतही एवढाच वेळ लागला असता. बाकी डावीकडचं कपाट जिथल्या तिथे आहे, कुणी असं समजू नये की बाई सुधारल्या. उलट, शाळाच अशी असेल तर ते कपाट आणखी मोठं करायला हवं, असं त्यांचं मत आहे.

जानेवारीत नंदकुमार कॉर्नेट परत द्यायला आले. गार्गीला आतापासूनच आठवीसाठीच्या कुठल्यातरी फाउंडेशन क्लासला घातलं होतं, बँडला वेळ नव्हता. तीही सोबत होती, पाठीवर तिच्यापेक्षा जड दप्तर.

बाईंनी तिला सरळ विचारलं, "त्या दिवशी स्टेजवर फुंकलंस का गं?"

"छे छे," नंदकुमारच म्हणाले. "मॅडमनी नाही सांगितलं होतं ना. आमची गार्गी शिस्तीची आहे. हो ना गं?"

गार्गी कॉर्नेटकडे बघत होती. तिनं दुसरं बटण एकदा दाबलं, ते आपोआप वर आलं, तरी डावं बोट येऊन गेलं. मग ती बाईंकडे बघून थोडीशी हसली. बापाला "हो" ही म्हणाली नाही आणि "नाही" ही.

"चल, क्लासला उशीर होतोय," म्हणत नंदकुमार तिला घेऊन गेले.

बाईंनी घाईनं कॉर्नेट उचललं आणि पाण्याची कळ दाबली. काचेवर काहीच पडलं नाही. आतून स्पिरिटचा वास आला. नंदकुमारांनी ते आतून बाहेरून सॅनिटाइझ करून, हेअर ड्रायरनं वाळवून आणलं होतं.

हल्ली त्या शाळेतलं कुठलंही मूल दुकानात आलं की बाई आधी त्याला खुर्ची देतात. आई-बापाला जरा बाहेर उभं राहायला सांगतात. मग काउंटरवरून पुढे वाकून, आवाज खाली आणून विचारतात:

"शेवटच्या रांगेत कडेला एक मुलगी होती बघ, छोटं पितळी घेऊन. तू जवळ होतास ना? सांग मला, फुंकलं होतं का रे तिनं?"